झरमॅटला पाच दिवस स्कीइंग शिकले, त्याचा सगळा हिशेब

मागच्या महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटला जाऊन स्कीइंग शिकून आले. वय ४४, आणि त्याआधी बर्फ आयुष्यात एकदाच बघितलेला, मनालीला, तोही मार्चमधला काळपट झालेला. जायच्या आधी मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून खूप शोधलं. स्वित्झर्लंडबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलंय, पण ते बहुतेक ग्रुप टूरचं, ट्रेनने वर जायचं, फोटो काढायचे, खाली यायचं. स्की भाड्याने घेताना काउंटरवर काय विचारतात, बूट कसा बसायला हवा, इन्शुरन्समध्ये नेमकं काय बघायचं, हे काही सापडलं नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहितेय, लांबलंय, पण मला तेव्हा हेच हवं होतं.

सुरुवात गणपतीत झाली. माझा भाचा झुरिकला नोकरी करतो, तो गणपतीला घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, तू दर रविवारी सिंहगड चढतेस ना, मग पाच दिवसांत निळा उतार नक्की करशील, ये तू जानेवारीत." निळा उतार म्हणजे काय हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं. तिकडे उतारांना रंग असतात, स्वित्झर्लंडमध्ये निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्या खाली हिरवा पण असतो, इथे तो नाही, थेट निळ्यापासून सुरुवात.

आपल्याकडे औलीला आणि गुलमर्गला स्कीइंगचे कोर्स चालतात, ते खूपच स्वस्त पडतात, त्यामुळे पैशाचा विचार असेल तर आधी ते बघा. माझं आल्प्सचं ठरलं ते भाचा तिथे हाताशी होता म्हणून, आणि दोन वर्षं या नावाने एक आरडी चालू होती म्हणून. झरमॅट निवडलं ते उंचीसाठी. गावच साधारण १,६०० मीटरवर आहे आणि लिफ्टने, म्हणजे रोपवेसारख्या पाळण्याने, वर ३,८८३ मीटरपर्यंत जाता येतं, त्यामुळे बर्फाची खात्री जास्त. पण खरं सांगायचं तर अगदी पहिल्यांदा शिकायला हे सगळ्यात सोयीचं ठिकाण नाही, कारण नवशिक्यांची जागा गावात नसून डोंगरावर आहे, म्हणजे पहिल्या दिवसापासून रोज वर जा, खाली या. महाग पण आहे. हे माहीत असून मी गेले, कारण गावासमोरचा सुळक्यासारखा डोंगर, मॅटरहॉर्न, बघायचाच होता.

तारखा ठरवताना भाच्याने सांगितलं की नाताळ ते नवीन वर्ष नको आणि फेब्रुवारी नको. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या असतात, लिफ्टला रांगा आणि राहायचे दर दोन्ही वाढतात. मधला जानेवारी त्यातल्या त्यात स्वस्त, फक्त थंडी कडक. तर वर्ग २० ते २४ जानेवारी २०२५ असे ठरले.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मी २३ ऑक्टोबरला पुण्यात अर्ज दिला. फी ९० युरो (जून २०२४ पासून वाढली, आधी ८० होती), वर सेंटरचं सेवा शुल्क, सगळं मिळून मला साडेदहा हजारांच्या आसपास पडलं. कागद नेहमीचेच, बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र, विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग, इन्शुरन्स. मी कव्हर लेटरमध्ये दिवसावार लिहिलं होतं, १९ ला झुरिकहून झरमॅट, २० ते २४ रोज सकाळी स्की शाळा, २५ ला परत झुरिक, आणि शाळेच्या बुकिंगची पावती जोडली. काउंटरवरच्या मुलीने ती पावती वाचून फाइलमध्ये वरती लावली. ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, त्यामुळे आधी शेंगेनला जाऊन आला असाल तर जुना व्हिसा शोधून ठेवा. १५ दिवस लागतात म्हणतात, आणि मध्ये दिवाळी. पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम एका गोष्टीत अडकवलेली, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला सुद्धा मी फोनवर स्टेटस बघत होते. ११ नोव्हेंबरला पासपोर्ट हातात आला, पाकीट फाडताना हात थरथरत होते.

आता इन्शुरन्स, हा भाग कृपया सोडू नका. व्हिसाला ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं, मी तेवढंच बघून ऑनलाइन पॉलिसी काढून टाकली, साधारण चौदाशे रुपये. व्हिसा आला त्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर सहज ते पीडीएफ वाचायला बसले तर अपवादांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं, हिवाळी खेळ आणि साहसी खेळ यातली दुखापत धरली जाणार नाही. म्हणजे मी ज्यासाठी जातेय तेच वगळलेलं. कंपनीला फोन केला, तीन दिवसांत तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळी उत्तरं दिली, शेवटी मी म्हटलं ईमेलवर लिहून द्या, ते काही आलं नाही. मग दुसऱ्या कंपनीची, विंटर स्पोर्ट्सचं कव्हर असलेली पॉलिसी काढली, ती एकवीसशेला. तीन गोष्टी शब्दशः शोधा: आखलेल्या उतारावरचं स्कीइंग धरलंय का, डोंगरातून शोधून आणायचा खर्च हेलिकॉप्टरसकट धरलाय का, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं तर ती जबाबदारी धरलीय का. तिथे डोंगरात पाय मोडला तर बऱ्याचदा हेलिकॉप्टरच येतं, एअर झरमॅट १९६८ पासून हे काम करते, आणि त्याचं बिल हजारो फ्रँकमध्ये असतं. त्या भागात तातडीचा नंबर १४४, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

नोव्हेंबरपासून तयारी. स्कीइंगमध्ये मांड्या लागतात, दम त्या मानाने कमी लागतो. मी आठवड्यातून तीनदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या करायचे, चढायचे नेहमीसारख्या पण उतरायचे अगदी सावकाश, प्रत्येक पायरीवर गुडघा वाकवून. आणि घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं राहायचं, सुरुवातीला वीस सेकंदांत पाय लटपटायचे, जानेवारीपर्यंत दीड मिनिट जमायला लागलं. गुडघ्याचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच दाखवून घ्या, मी दाखवला, त्यांनी उतरण्याच्या व्यायामावरच भर द्यायला सांगितलं.

कपड्यांवर सतरा हजार गेले, त्यातले निम्मे वाचले असते. दोन जोड थर्मल, एक फ्लीस, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल हे लागतंच. जाड लोकरीचे मोजे मी चार जोड घेतले, ते पूर्ण वाया, का ते पुढे सांगते. जॅकेट आणि पँट भाच्याच्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने दिले, नाहीतर भाड्याने पण मिळतात, पुण्यातून घेऊन जायची गरज नाही.

१७ च्या रात्री मुंबई एअरपोर्ट, थेट विमान, १८ ला सकाळी झुरिक. तो दिवस भाच्याकडे झोपून काढला. १९ ला रविवारी ट्रेनने निघाले, विस्पला गाडी बदलायची आणि तिथून पुढे छोट्या लाल गाडीने झरमॅट, सगळे मिळून साडेतीन तासांच्या आसपास. विस्पच्या पुढे दरी अरुंद होत जाते आणि चढ आला की गाडी दातेरी रुळावर चढते, ते खालून जाणवतं. झरमॅटला पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, गाडीने येणारे आधीच्या टेश गावात गाडी लावून ट्रेनने येतात. स्टेशनबाहेर इलेक्ट्रिकच्या छोट्या चौकोनी टॅक्स्या. माझी खोली दहा मिनिटांवर, मी बॅग ओढत चालत गेले, आणि पुलावर आले तर समोर मॅटरहॉर्न. फोटोत इतक्यांदा बघितलेला, तरी तो गावाच्या इतका अंगावर उभा असेल असं वाटलं नव्हतं. मी तिथे किती वेळ थांबले कोण जाणे, बोटं बधिर झाल्यावर निघाले.

खोली म्हणजे छोटासा स्टुडिओ, किचन असलेला, रात्रीला सुमारे १५० फ्रँक, वर स्थानिक पर्यटन कर वेगळा. तेव्हा एक फ्रँक साधारण ९५ रुपये. किचन असलेलीच जागा घ्या, कारण डोंगरावर एक रोष्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं आपल्या थालीपिठासारखं दिसणारं प्रकरण, ते साधारण २५ फ्रँकला. स्टेशनसमोरच सुपरमार्केट आहे, दूध, दही, ब्रेड, भाज्या सगळं मिळतं. मी पोहे, मेतकूट, डाळ-तांदूळ नेले होते आणि नुकतीच संक्रांत झालेली म्हणून एक डबा तिळाचे लाडू. ते लाडू फार कामी आले, लिफ्टमध्ये बसल्याबसल्या एक तोंडात टाकला की तासभर बघायला नको. शाकाहारी असाल तर जवाच्या सूपात बहुतेकदा डुकराचं मांस असतं, नाव साधं वाटलं तरी विचारा. पाणी नळाचंच प्या, बाटली विकत घेऊ नका.

संध्याकाळी स्की भाड्याने घ्यायला दुकानात. फॉर्मवर उंची, वजन, वय, पहिल्यांदा करताय का, हे सगळं भरायचं. वजन लिहिताना माझ्या पुढची बाई जरा घुटमळली, तर काउंटरवरच्या मुलाने समजावून सांगितलं, ते मी पण ऐकलं. बूट स्कीला ज्या कडीत अडकतो ती किती जोर आला की सुटायची, हे त्या आकड्यांवरून स्क्रू फिरवून ठरवतात. वजन कमी सांगितलं तर स्की विनाकारण निघून येते, जास्त सांगितलं तर पडल्यावर निघायला हवी तेव्हा निघत नाही आणि गुडघा पिळवटतो. तेव्हा वजन खरंच सांगा. सहा दिवसांचे स्की, बूट, काठ्या, हेल्मेट मिळून साधारण २०५ फ्रँक.

आणि तिथेच माझी चूक झाली. मी पायात दोन जोड जाड मोजे घालून गेले होते. बूट फार घट्ट लागला, मी सांगितलं घट्ट आहे, त्या मुलाने घाईत एक नंबर मोठा दिला, मोजे बघितलेच नाहीत. घातल्यावर एकदम आरामशीर वाटलं, मी खूश होऊन परत आले.

सोमवारी सकाळी साडेआठला निघाले. सुनेगा या वरच्या ठिकाणी नेणारी फ्युनिक्युलर, म्हणजे केबलने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, नदीकाठून सुटते, आधी एक लांबलचक बोगदा चालत जायचा, खांद्यावर स्की, पायात ते बूट, घोटा वाकतच नाही त्यामुळे टाच-बोट करत दणदण चालावं लागतं. गाडी १९८० पासूनची, डोंगराच्या पोटातून चारेक मिनिटांत २,२८८ मीटरवर आणून सोडते. बाहेर आलं की डोळे दिपतात, गॉगल आतच चढवून ठेवा. तिथून एक छोटी तिरकी लिफ्ट खाली लायझे नावाच्या तळ्याकडे नेते, हिवाळ्यात तळं गोठलेलं, शेजारी नवशिक्यांची जागा आणि जमिनीवरून सरकणारा पट्टा. बहुतेक चार-पाच वर्षांची मुलं आणि मध्ये आम्ही सहा मोठी माणसं.

वर्ग रोज दहा ते साडेबारा, पाच दिवसांचे साधारण ४३० फ्रँक. आमची शिक्षिका गावातलीच, साठीच्या आसपासची, उन्हाने रापलेला चेहरा, बोलणं अगदी कमी. पहिला तास एकाच पायात स्की घालून ढकलत चालायचं, मग दुसऱ्या पायात. बूट अडकवण्याआधी तळाचा बर्फ काठीने खरवडून काढायचा, नाहीतर कडी लागत नाही, हे मला कळायला अर्धा तास गेला. मग पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी, हा ब्रेक. लहान मुलांना पिझ्झा म्हणून शिकवतात आणि आम्हाला पण तसंच. पडल्यावर उठायचं कसं हे तिने मुद्दाम पाडून शिकवलं, आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, आपल्यापेक्षा खालच्या बाजूला आणायच्या, मग हाताने रेटून उठायचं. आडव्या न करता उठलात की लगेच परत घसरता.

त्या दिवशी दुपारी खोलीवर येऊन बूट काढले तर दोन्ही नडग्या लाल-निळ्या झालेल्या आणि टाचेला फोड. शिक्षिकेने सकाळीच बूट हलवून बघितला होता आणि म्हणाली होती, आत टाच उचलली जातेय, बदलून आण. संध्याकाळी दुकानात गेले, या वेळी एकच पातळ मोजा घालून, २५.५ चा काढून २४.५ चा दिला, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. बूट बरोबर असल्याची खूण अशी की सरळ उभं राहिलं तर अंगठा पुढे जेमतेम टेकतो आणि गुडघे वाकवले की टेकायचा थांबतो, आणि टाच हलत नाही. घट्ट लागतोच, पण दुखत नाही. जाड मोजे बॅगेतच राहिले, ऊब बुटामुळे असते, मोज्यामुळे नाही.

मंगळवारी वळायला शिकलो. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार द्यायचा, उजवीकडे तर डाव्या. ऐकायला उलटं वाटतं, पण पट्ट्याच्या शेजारच्या छोट्या उतारावर जमलं. वागायचे नियम पण त्याच दिवशी, आपल्या पुढे असलेल्याचा हक्क पहिला, मागच्याने सांभाळायचं, थांबायचं ते कडेला, आणि निघायच्या आधी वर बघायचं. हे दहा नियम सगळ्या देशांत सारखे आहेत, आणि अपघात झाला तर चूक कुणाची हे त्यावरूनच ठरवतात. पैशाचं म्हणाल तर पहिले दोन दिवस पूर्ण पासची काही गरज नव्हती, मी फक्त सुनेगाचं जाऊन-येऊन तिकीट काढलं, बुधवारपासून तीन दिवसांचा पास, सगळे मिळून ३३० फ्रँकच्या आसपास. पासचे दर दिवसागणिक बदलतात, आधी ऑनलाइन काढला तर थोडा स्वस्त. इटलीच्या बाजूला उतरता येतं असा मोठा पास पण मिळतो, दोन्हीकडचे मिळून ३६० किलोमीटर उतार आहेत, पण नवशिक्याला त्याचा उपयोग नाही. कधी घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, इटलीत २०२२ पासून दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि वाऱ्यामुळे वरची लिफ्ट बंद पडली तर रस्त्याने परत यायला कित्येक तास लागतात.

बुधवार वाईट गेला. ढग खाली आलेले, सूर्य नाही, अशा उजेडात बर्फावर सावलीच पडत नाही, खड्डा कुठे, उंचवटा कुठे काही कळत नाही, आकाश आणि जमीन एकच पांढरं. माझा गॉगल कडक उन्हासाठीचा गडद काचेचा, त्यामुळे अजूनच अंधार. (जमलं तर फिक्या काचेचा दुसरा गॉगल ठेवा, दुकानात भाड्याने मिळतो हे मला नंतर कळलं.) त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा चेअरलिफ्टने वर गेलो. उतरताना ठीक होतं, पण खाली बघितलं आणि पोटात गोळा आला. निम्म्या उतारावर मी थांबले ते थांबलेच. बाकीचे पाच जण खाली ठिपक्याएवढे दिसत होते. पाय हलेनात. घरी लेकीला काय काय सांगून आले होते ते आठवलं, आरडीचे हप्ते आठवले आणि गॉगलच्या आत रडायला आलं. शिक्षिका आडव्या पावलांनी वर चढत माझ्यापर्यंत आली, काही न बोलता शेजारी उभी राहिली. दोनेक मिनिटांनी म्हणाली, आज आपण स्कीइंग नको, आज फक्त आडवं घसरत उतरू. आणि तसंच, उताराला आडव्या स्की ठेवून, वीतभर-वीतभर घसरत, ती मला खाली घेऊन आली. अर्धा तास लागला असेल. हे आडवं घसरणं नीट शिकून घ्या, कुठल्याही उतारावर अडकलात तरी त्याने खाली येता येतं, मला वाटतं पाच दिवसांतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच.

दुपारी खोलीवर बसवेना म्हणून चर्चजवळच्या म्युझियमला गेले. मॅटरहॉर्नवर माणूस पहिल्यांदा पोचला १४ जुलै १८६५ ला, सात जण वर गेले आणि उतरताना दोर तुटून चौघे गेले. तो तुटलेला दोर तिथे काचेत ठेवलाय. बोटाएवढा पण जाड नाही. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी होते. बाहेर आल्यावर जुन्या भागातून चालले, तिथे काळी पडलेली लाकडी धान्याची कोठारं आहेत, खांबांवर उचललेली आणि प्रत्येक खांबावर गोल चपटा दगड, उंदीर वर चढू नये म्हणून. आमच्या आजोळी कणगीसाठी चाललेली धडपड आठवली. रात्री डाळ-भात केला आणि आठ वाजता झोपले.

गुरुवारी लख्ख ऊन. शिक्षिकेने माझ्या दोन्ही काठ्या काढून घेतल्या आणि म्हणाली, हात गुडघ्यांवर ठेव. मग वाकून माझ्या बुटाच्या पुढच्या जिभेवर बोट ठेवलं आणि विचारलं, तुझी नडगी इथे टेकतेय का? टेकत नव्हती. उतार दिसला की मी मागे रेलत होते, आपण सिंहगड उतरताना घसरायला लागलो की रेलतो तसं. तिने सांगितलं, मागे रेललीस की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, ती मग बर्फ पकडत नाहीत, ब्रेक लागत नाही आणि वळत पण नाहीत, म्हणजे भीतीने तू जे करतेस त्यानेच वेग वाढतो. उताराकडे झुक, नडगीने जीभ दाबून धर, आणि पायाकडे बघू नको, माझ्याकडे बघ. ती माझ्याकडे तोंड करून उलटी घसरत निघाली, तीन हातांवर, आणि मी तिच्या मागे. पहिली दोन वळणं मी पुन्हा मागे गेले आणि ती नुसतं "नडगी" असं आपल्या नडगीवर थापटून दाखवायची. तिसऱ्या वळणाला मी खरंच पुढे झुकले, दरीकडे, अंगातला प्रत्येक स्नायू नको म्हणत असताना, आणि उजव्या स्कीच्या कडेने बर्फ कापल्याचा खर्रर्र असा आवाज आला, वेग कमी झाला आणि मी वळले. तो आवाज अजून कानात आहे. त्या सकाळी तोच उतार मी सात वेळा केला, बुधवारी जिथे थांबले होते ती जागा मला नंतर शोधून पण नीट सापडली नाही.

शुक्रवारी शेवटचा वर्ग गॉर्नरग्राट नावाच्या दुसऱ्या डोंगराच्या बाजूला होता. तिथे वर जाणारी ट्रेन १८९८ सालची, स्वित्झर्लंडमधली पहिली विजेवर चालणारी दातेरी रुळांची. आपल्या टूरवाल्यांच्या गर्दीत आम्ही स्की घेऊन चढलो, नागपूरच्या एक काकू शेजारी होत्या, त्यांनी हेल्मेटला हात लावून विचारलं, "अहो, तुम्ही यावरून खाली येणार?" मी म्हटलं हो, निळ्यावरून. आम्ही आधी वरपर्यंत, ३,०८९ मीटरवर गेलो, गॉर्नर हिमनदी आणि मॉन्टे रोझा बघितला, मग ट्रेननेच रिफेलबर्गला, २,५८२ मीटरवर उतरलो, तिथे रुंद निळे उतार आहेत. उंचीवर डोकं जड होतं, पाणी पीत राहा आणि सनस्क्रीन दोनदा लावा, ओठांना पण. भाचा पहाटेची गाडी पकडून झुरिकहून आला होता, तो उताराच्या तळाशी जाऊन उभा राहिला. मी दोनदा पडले, एकदा तर एक स्की सुटून बाजूला गेली, म्हणजे ती कडी बरोबर काम करत होती. पण कुठे थांबून राहिले नाही. खाली पोचल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, वळताना आवाज येत होता तुझ्या स्कीचा." मला बोलता येईना.

डब्यात चार लाडू उरले होते, ते वर्गातल्या सगळ्यांना अर्धा-अर्धा वाटला. शिक्षिकेने तीळ ओळखले, गूळ ओळखला नाही, तो काय हे मी तिला समजावून सांगितलं. वर्ग सुटल्यावर तिने मला विचारलं, पुण्यात बर्फ कधी पडतो? मी म्हटलं कधीच नाही, तर ती हसली आणि हात हातात घेऊन म्हणाली, मग पुढच्या वर्षी पण बूट पातळ मोज्यावरच घाल.

स्की शुक्रवारी संध्याकाळीच परत केले, २५ ला झुरिक, २६ ला विमान. वहीतला एकूण आकडा तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास: विमान ६८ हजार, राहणं सहा रात्री ८५ हजार, वर्ग ४१, पास आणि तिकिटं ३१, स्की भाडं साडेएकोणीस, तिकडच्या ट्रेन १४, खाणं २४, कपडे १७, बाकी व्हिसा आणि दोन पॉलिस्या. दोघी-तिघी मिळून गेलात तर राहण्याचा खर्च बराच वाटला जाईल, माझा एकटीचा होता. आणि एक दिवस मोकळा ठेवून परतीचं बुकिंग करा, खूप बर्फ पडला तर दरीतला रस्ता आणि ट्रेन दोन्ही बंद होतात, जानेवारी २०१८ मध्ये १३,००० पर्यटक असे गावात अडकले होते.

आज १६ फेब्रुवारी. नडगीवरचा डाग पिवळा पडत पडत आता जवळजवळ गेलाय. व्हिसाच्या कव्हर लेटरचा नमुना आणि दिवसावार प्लॅनचं पान मी जपून ठेवलंय, कुणी जाणार असेल तर मागून घ्या.